ब्रेकमधली हवा

गाडीखाली आमचे हे, सीटवर मी. "दाब! धर! सोड!" असं ते खालून ओरडत होते आणि मी ब्रेक दाबत होते. एवढ्या दाबण्यात मी पायी काशीला जाऊन आले असते. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल भिजल्या पोह्यांसारखं मऊ पडतं आणि चाकाला पत्ताच लागत नाही. संसारातला माझा निम्मा जोर अशाच कुठल्या हवेने खाल्ला असणार.

उद्या लेकीला तान्ह्या बाळासकट घाटाखाली सासरी सोडायचं होतं, म्हणून ही हवा काढायची कवायत.

अचानक पेडल घट्ट लागलं.

"अगं, आता कसं वाटतंय?"

"मऊच आहे हो."

नळीतून येणारे बुडबुडे थांबलेले त्यांनाही दिसत असणार. खालून पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग उद्या परत बघू," ते म्हणाले. "पोरगी परवा जाईल."