सिस्टरांची संकष्टी

आमच्या सिस्टर ख्रिस्ती होत्या आणि रजा मात्र संकष्टीची मागायच्या. जामखेडच्या पुढं, बीडच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या आरोग्य केंद्रात हे कोडं सगळ्यांनाच पडलेलं होतं. मी तिथं औषधांच्या खिडकीवर नवीनच रुजू झाले होते. इंजेक्शनच्या खोलीत भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेलं असायचं आणि त्यातल्या चतुर्थ्यांभोवती सिस्टरांनी पेन्सिलीनं गोल केलेले असायचे. दिवाळीची ड्युटी असो की पोलिओचा रविवार, "मी थांबते, तुम्ही जा," असं त्या सगळ्यांना म्हणायच्या आणि त्याबदल्यातली सुट्टी बरोबर त्या गोलावर नेऊन ठेवायच्या.

शेवटी एका म्हातारीनं दंडावरची बाही वर करता करता विचारलंच. "सिस्टर, तुमी तर चर्चात जाता. मंग चतुर्थी कशी काय धरता?"

"धरत नाही हो आजी. चतुर्थीला सकाळी नऊ वाजता समुद्र उघडतो, म्हणून जाते."

"उघडतो म्हंजी? दुकान हाय का त्ये?"

तोवर सुई टोचून झाली होती. म्हातारीला कळलंही नाही. ती समुद्राच्या दुकानाचाच विचार करत बाहेर गेली.

मी मात्र खिडकी सोडून सिस्टरांच्या खोलीत गेले. मी मूळची श्रीरामपूरजवळच्या बेलापूरची, त्यामुळे सिस्टरांनी माझं नावच 'बेलापूर' ठेवलं होतं. माणसाला गावाच्या नावानं हाक मारायची त्यांची सवय होती. "ये बेलापूर, बस," म्हणत त्यांनी एका जुन्या केसपेपरच्या पाठीवर मला हिशेब करून दाखवला. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीचे चार, त्याची पाऊणपट तीन, म्हणजे भरती दुपारी तीनला. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली असते, त्यामुळे पाणी खूप लांबवर हटतं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. तेही ऐन सकाळी, चांगल्या उजेडात. कोकणातल्या कोळ्यांचा हा हिशेब त्या तिथंच शिकल्या होत्या. मी मोबाईलवर भरती-ओहोटीच्या वेळा दाखवल्या, तर त्यांनी त्या बारकाईनं वाचल्या आणि दहाच मिनिटांचा फरक निघाला म्हणून कोळ्यांवरच जास्त खूश झाल्या.

सेहेचाळीस वर्षांच्या होईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. एका प्रशिक्षणासाठी दहा-बारा नर्सना कोकणात पाठवलं, तेव्हा सगळ्या जणी सकाळी किनाऱ्यावर गेल्या. फोटो काढून बाकीच्या नाश्त्याला परतल्या. सिस्टर तिथंच उभ्या. आदल्या संध्याकाळी जिथं लाटा पाहिल्या होत्या, तिथं आता नुसती ओली वाळू होती. त्यांना खरंच काळजी वाटली. जाळं निवडत बसलेल्या एका कोळणीला त्यांनी विचारलं, "बाई, इथलं पाणी कुठं गेलं?" त्या बाई म्हणजे एका होडीच्या मालकाची बायको, सगळं गाव त्यांना नाखवीण म्हणायचं. त्या इतक्या हसल्या, की जाळं हातातून गळून पडलं. "अगो, कुठं जातंय? दुपारी येल परत. बस तू." सिस्टर बसल्या. प्रशिक्षणाचं दुपारचं सत्र बुडालं, पण पाणी परत येताना त्यांनी पाहिलं. परतल्यावर त्या आमच्या डॉक्टरसाहेबांना म्हणाल्या होत्या, "साहेब, आपल्याकडं पाणी गेलं की टँकरला फोन करावा लागतो. तिथं ते आपलं आपण येतं. हे नीट बघायला मला पुन्हा जावं लागणार."

त्या पुन्हा गेल्या आणि मग जातच राहिल्या. पुण्यात बहिणीकडं मुक्काम, पहाटेची एसटी, घाट उतरून नाखविणीचं घर. त्यांचे यजमान प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. घाटातलं पहिलं वळण आलं की मास्तरांना उलटी व्हायची, त्यामुळे ते कधी गेले नाहीत. पण सिस्टरांना स्कूटरवरून स्टँडवर सोडायला तेच यायचे आणि आणायलाही तेच. परत आल्यावर घरी जाईपर्यंत सिस्टर मागं बसून बोलत असायच्या आणि मास्तर वळून वळून "मग?" विचारायचे. एकदा त्या नादात स्कूटर सरळ बाजरीच्या शेतात गेली.

प्रत्येक फेरीतून त्या काहीतरी घेऊन यायच्या आणि ते कामाला लावायच्या. आमच्या बाजारात एक काष्ठौषधी विकणारा बसायचा. त्याच्याकडून बाया समुद्रफेस न्यायच्या, त्याची पूड करून पोरांच्या फुटलेल्या कानात घालायच्या आणि कान आणखी बिघडला की आमच्याकडं यायच्या. सिस्टरांनी त्याला विचारलं, हे असतं काय? "समुद्राचा फेस वाळला की व्हतंय," तो म्हणाला. पुढच्या वेळी त्यांनी नाखविणीकडून माकूळ नावाची एक वाळवलेली मासळी आणली, बाजारात त्याच्यासमोर बसून सुरीनं चिरली आणि तिच्या पाठीतून तो पांढरा, होडीच्या आकाराचा तुकडा अख्खा काढून दिला. त्या विक्रेत्यानं तो आपल्याकडच्या समुद्रफेसाशी लावून पाहिला. "मंग हाड हाय म्हना की ह्ये," तो हळूच म्हणाला. त्या दिवसापासून मेलेल्या प्राण्याचं हाड पोराच्या कानात घालायला एकही आई तयार होईना. दोन वर्षं भिंतीवर सूचना लावून आम्हाला जे जमलं नव्हतं, ते एका माकुळीनं केलं.

मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले ती माघातली गोष्ट. सकाळी साडेआठला आम्ही नाखविणीच्या घरून निघालो. पाणी हटलं होतं आणि किनाऱ्यापासून एका मोठ्या कातळापर्यंत चालत जाता येत होतं. वाटेत एक खोलगट पट्टा होता, त्यात घोट्याएवढं पाणी. सिस्टरांनी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली होती, पायात मास्तरांचे जुने कॅनव्हासचे बूट होते. कातळावर खळग्या-खळग्यांत पाणी साठलेलं. सिस्टर एकेका खळग्यापाशी पेशंट तपासायला बसावं तशा बसायच्या. एका ठिकाणी दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा एक खेकडा होता. त्याला आपला शंख लहान पडत होता आणि शेजारी एक मोठा शंख पडलेला होता. तो त्यात पाय घालून बघायचा, पुन्हा मागं यायचा, शंख फिरवायचा. "घर बदलायचं म्हणतोय," सिस्टर कुजबुजल्या. "आता हलू नको." तो बदलेपर्यंत आम्ही हललो नाही. अंग बाहेर काढून क्षणभर तो अगदी उघडा, मऊ, लालसर झाला आणि झटक्यात नव्या शंखात शिरला. सिस्टरांनी माझा हात दाबला. त्यांचे डोळे भरले होते.

आम्ही उठलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. मागं वळलो, तर खोलगट पट्ट्यातून पाणी दोन्ही बाजूंनी आत येत होतं. कमरेएवढं तरी झालंच होतं आणि ओढ दिसत होती.

मला पोहता येत नाही. "चला सिस्टर, आत्ताच जाऊ, अजून जमेल," म्हणत मी उतरायला लागले. त्यांनी माझं मनगट धरलं. लहान पोराचा हात सुई टोचताना धरतात तसं, न दुखवता आणि न सुटेल असं.

"नाही. पाण्यात उतरायचं नाही."

"मग काय इथंच बुडायचं का?" मी रडायलाच लागले.

"थांब. बघू दे मला." त्या कातळावर वर वर चढत गेल्या आणि दगडावर हात फिरवत राहिल्या. "इथपर्यंत कालवांच्या शिंपल्या चिकटल्यात. म्हणजे रोजचं पाणी इथपर्यंत. आता वर बघ, काय दिसतंय?"

"गवत," मी हुंदके देत म्हणाले.

"वाळलेलं असलं तरी गवत आहे. खाऱ्या पाण्यात बुडलं असतं तर उगवलं असतं का? आपण त्या गवतात बसायचं."

आम्ही गवतात जाऊन बसलो. पाणी चढत होतं. ज्या खळग्यापाशी आम्ही बसलो होतो तो दिसेनासा झाला. लाट आदळली की कातळ अंगाखाली हादरल्यासारखा वाटायचा. सिस्टरांनी मास्तरांनी दिलेला डबा उघडला, माझ्या हातात चटणी-चपाती दिली. मग म्हणाल्या, "बेलापूर, चूक माझी आहे. मी एकटी असते तर माझं मी बघितलं असतं. तुला घेऊन आले होते, घड्याळाकडं लक्ष ठेवायला हवं होतं. मला बघायला लागलं की भान राहत नाही. चांगली गोष्ट नाही ही." मी त्यांना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "वाटतीय की. पण गवत खोटं बोलत नाही."

दीडच्या सुमाराला नाखविणीची होडी आली. जेवायला आलो नाही म्हटल्यावर ती स्वतःच नवऱ्याला घेऊन निघाली होती. होडीत बसल्यापासून किनाऱ्याला लागेपर्यंत तिनं सिस्टरांना जे सुनावलं, ते अजून माझ्या कानात आहे. "शिकलेली बाय तू! आनी लोकाची पोर घेऊन दगडावर बसतंय! दर्या काय तुजा मामा हाय काय?" ज्या बाईपुढं आमच्या भागातले मिशीवाले पाटील मुकाट्यानं गोळी गिळायचे, ती मान खाली घालून ऐकत होती.

हे घरी सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण पुढच्याच रविवारी सिस्टर एकट्या बेलापूरला आमच्या घरी हजर. ओसरीवर बसून त्यांनी माझ्या आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं, काही कमी केलं नाही. "तुमची मुलगी माझ्यामुळं अडकली होती. तुम्हाला माझ्या तोंडून कळायला पाहिजे म्हणून आले." आई शेतात राबलेली, तिखट जिभेची बाई. मला वाटलं, आता भांडण होणार. आईनं चहा ठेवला, कप त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "लई वाईट केलं तुमी." सिस्टर "हो" म्हणाल्या. मग रिकामा कप परत घेताना आई पुन्हा बोलली. "पर बाई, त्ये खेकडं खरंच घर बदलतं व्हय?"

पुढच्या चतुर्थीला आम्ही तिघी गेलो. आई घोटाभर पाण्यात उभी राहिली. लाट मागं जाताना पायाखालची वाळू सरकली तशी तिनं दोघींचे दंड धरले. "जिमीन पळाया लागली गं!" आणि मग तीच लहान मुलीसारखी पुन्हा पुन्हा तिथं जाऊन उभी राहिली. त्या फेरीला सिस्टरांनी नाखविणीचं मोठं गजराचं घड्याळ मागून घेतलं होतं. ते गळ्यातल्या पिशवीत घालून त्या खडकांवर फिरत होत्या आणि साडेदहाला ते ठणाणा वाजल्यावर लगेच परत फिरल्या.

निवृत्तीनंतर सिस्टर आणि मास्तर नगरला राहायला गेले. गुडघ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली तसं खडकांवरचं फिरणं बंद झालं. किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसायच्या आणि मला पाठवायच्या. "त्या डाव्या खळग्यात बघून ये आणि मला सांग." मी सांगितलेलं त्यांना कधी पुरेसं वाटलं नाही. रंग विचारायच्या, पाय किती होते विचारायच्या आणि पुन्हा पाठवायच्या. गेल्या वर्षी पौषात, सकाळी चहा घेता घेता, त्या हृदयविकारानं गेल्या. मास्तरांनी मला फोन केला आणि नंतर नाखविणीला.

नाखवीण आली. घाट चढून ती आयुष्यात पहिल्यांदाच वर आली होती. दफन झाल्यावर ती मास्तरांजवळ बराच वेळ बसून राहिली. मग मला म्हणाली, "तिचा गाव दाखव मला. काम करायची तो."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेले. आरोग्य केंद्र तिनं दोन मिनिटांत पाहिलं. पण बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला ती थांबली ती थांबलीच. समोर ज्वारी उभी होती, माणसाच्या डोक्याच्या वर, क्षितिजापर्यंत. ओढा कोरडा, आभाळ कोरडं.

"पाऊस कवा झाला हितं?"

"दिवाळीच्या आधी."

"आनी नंतर पानी कोन देतो याला?"

"कोणी नाही."

ती बांधावर बसली. भेगाळलेल्या काळ्या मातीत बोटं घातली, मग हात मनगटापर्यंत आत घातला. "आत थंड हाय," ती म्हणाली. "किती खोलवर थंड असंल? आनी ह्याची मुळं तितं पोचतात काय?"

मी शेतकऱ्याची मुलगी. पण आमचं रान कॅनॉलच्या पाण्याचं, या कोरड्या रानातलं मला काही सांगता येईना. पलीकडं एक बाई गोफण घेऊन पाखरं राखत होती. मी नाखविणीला हात देऊन उठवलं आणि आम्ही दोघी ज्वारीतून वाट काढत तिला विचारायला निघालो.