कुंडीतल्या वडाचं सूत

संग्रामपूरकडच्या एका पडक्या पुलाच्या भिंतीत उगवलेला वड मी मुळासकट काढून आणला आणि शेगावच्या घरी, गच्चीवर पसरट कुंडीत लावला. त्याचा बोनसाय केला. काही वर्षांत खोड मनगटाएवढं झालं, उंची मात्र हातभरच. त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला मला खपत नाही.

यंदा रस्ता रुंद करताना आमच्या गल्लीच्या तोंडचा मोठा वड तोडला. मग वटपौर्णिमेला गल्लीतल्या बायका नटूनथटून थेट माझ्या गच्चीवर आल्या. माझ्या बायकोनंच बोलावलं होतं, मला न विचारता. कुंडी मधोमध ठेवून सगळ्यांनी नवऱ्याच्या आयुष्यासाठी फेरे घातले आणि त्या एवढ्याशा खोडाला सूत गुंडाळलं.

पूजेचं सूत काढायचं नाही, असं बायकोनं बजावलं. पावसाळ्यात खोड फुगलं आणि सूत सालीत रुतत गेलं. श्रावणात शेंड्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. त्याच आठवड्यात शेजारणीच्या नवऱ्याला छातीत दुखतं म्हणून अकोल्याला नेलं. तेव्हापासून गल्लीतल्या बायका येता-जाता माझ्या गच्चीकडे पाहतात.

काल मी चिडून कात्री घेतली. सूत कापलं नाही तर झाड मरेल, असं बायकोला ठणकावून सांगितलं. तिनं वाकून तो गुंता न्याहाळला. सगळं सूत सारखंच, मळकं पांढरं.

मग हळूच म्हणाली, "यातला माहा धागा कोणता हाय, ते पह्यले पाहा. बाकीचे मंग कापा."