गैरहजरांचा शिक्का

फाइलींचं एक बरं असतं. ठरलेली वर्षं भरली की त्या रद्दीत जातात. किश्शांना रद्दी नाही! मी रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या नागपूरच्या सरकारी ऑफिसातले किस्से डोक्यात ठिय्या देऊन बसलेत. आणि त्यातले निम्मे एकट्या मडावीचे!

मडावी एटापल्लीकडचा गोंड. सत्तर सालच्या आसपास माझ्या शेजारच्या टेबलावर क्लार्क म्हणून आला. आदिवासींच्या राखीव जागेवर लागलेला आमच्याकडचा पहिला माणूस.

पहिल्याच दुपारी डबे उघडले आणि बडेबाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कांनी, विचारलं, "काहून गा मडावी, जंगलात तुम्ही लोक खाता तरी काय?"

मडावीने शांतपणे पोळीचा तुकडा मोडला. "जंगलखातं काय ठेवते त्याच्यावर हाय, बडेबाबू!"

बडेबाबूंना असा ठसका लागला की पाणी मडावीलाच द्यावं लागलं.

*

सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम. आमचे साहेब पुण्याचे, हौशी. म्हणाले, "मडावी, तुम्ही पिसं वगैरे लावून नाच करा. छान दिसेल!"

"करतो ना साहेब. पण आमच्यात एकटा कोणी नाचत नाही. हातात हात धरून सारं गाव नाचते. आना हात!"

आणि त्याने खरंच हात धरला! साहेब, बडेबाबू, मी, दोन चपराशी, सगळे ऑफिसच्या आवारात अर्धा तास गोल गोल. तिसऱ्या फेरीत बडेबाबूंची चप्पल गेली. पुढच्या वर्षी साहेबांनी कॅरमचे सामने ठेवले.

*

हसतोय मी, पण एकदा माझीही पाळी आली. मोठ्या कौतुकाने म्हणालो, "यार मडावी, तू मराठी मस्त बोलतो!"

"आन् तुही गोंडी कशी हाय?"

"मले कुठची येते?"

"कमाल हाय गा! गोंड राजानं वसवलेल्या नागपुरात जन्मला, आन् गोंडी येत नाही?"

आमच्या तीन पिढ्या गांधीबागेत कापड विकण्यात गेल्या. हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. त्या दिवशी चहा गोड लागला नाही, खरं सांगतो.

*

आता शिक्क्याचं सांगतो. टायपिस्टची एक राखीव जागा दोन वर्षं रिकामी होती. इंटरव्ह्यूला कोणी यायचंच नाही. यादीतल्या प्रत्येक नावापुढे 'गैरहजर' असा शिक्का बसायचा. मारणारा मीच! तिसऱ्या वर्षीही कोणी आलं नाही, तर जागा राखीव राहणार नव्हती. बडेबाबूंच्या काटोलच्या भाच्याने टायपिंगचा क्लास लावलासुद्धा!

"आपण तर बोलावतो. थे लोक येतच नाही, त्याले आपण काय करावं?" बडेबाबू म्हणायचे. मलाही ते पटायचं.

मडावीने जुनी यादी काढली. त्यात कुमरे नावाची एक मुलगी होती. चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, राहून टायपिंगची परीक्षा पास झालेली. दोन वर्षं अर्ज, दोन्ही वर्षं गैरहजर.

"पत्र किती दिवस आधी धाडता?" त्याने विचारलं.

"आठ. नियमच आहे."

"तिच्या गावात डाकवाला बाजाराच्या दिवशी येते. आठवड्यातून एकदा. त्याचा बाजार हुकला का पत्र पुढच्या बाजाराले!"

मी कॅलेंडरवर बोटं मोजली. पत्र पोचायच्या आधी इंटरव्ह्यू उरकलेला असायचा. मी दोन वर्षं कोणाच्या नावापुढे शिक्का मारत होतो? मला माझीच लाज वाटली. मडावी स्वतः इथे होस्टेलवर शिकत होता, म्हणून त्याला पत्र वेळेवर मिळालं होतं, एवढंच.

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा असतो, मडावी."

"हो साहेब. डाक सारखी नाही."

साहेबांनी पुढची फाइल उघडली.

*

त्या वर्षीही पत्रं नियमाप्रमाणे आठच दिवस आधी निघाली. त्याच दिवशी मडावी रजेवर गेला. खिशात मी कार्बन घालून काढलेली अकरा नावांची यादी. एसटीने, सायकलने, पायी, तो बाजार-बाजार फिरला आणि गर्दीत उभा राहून नावं पुकारत गेला!

इकडे बडेबाबूंची जुनी पद्धत. कोणी येणारच नाही, मग वेळ कशाला घालवायचा? आदल्या संध्याकाळीच त्यांनी माझ्या टेबलावरचा शिक्का उचलून स्वतःच अकरा नावांपुढे मारला आणि अहवाल तयार ठेवला. इंटरव्ह्यू सकाळी अकराला. साहेबांनी पावणेअकरालाच सही ठोकली.

मी दाराकडे डोळे लावून बसलो. मडावीचा पत्ता नव्हता.

सहीची शाई वाळते न वाळते, तोच व्हरांड्यात पावलं वाजली. एकाची नाही, बऱ्याच जणांची! मडावी धुळीने माखलेला, दाढी वाढलेली. मागे अकराच्या अकरा जण, आणि सगळ्यांत पुढे छातीशी सर्टिफिकेट धरून कुमरे.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "हे कोण लोक आहेत?"

मडावीने टेबलावरचा अहवाल उचलला, वरपासून खालपर्यंत नीट वाचला आणि अदबीने परत ठेवला.

"साहेब, हे सगळे गैरहजर आले हायेत. आधी कोणाले पाठवू?"