पाहुण्याची सावड

आळेफाट्याच्या स्टँडवर मी भलत्याच माणसाचा सत्कार केला. शाल, टोपी, नारळ, सगळं रीतसर.

आमच्या खोडदला आकाशातल्या लहरी टिपणाऱ्या मोठमोठ्या अँटेना आहेत, तिथल्या कामासाठी केनियाहून एक विद्यार्थी वर्षभर येणार होता. त्याला आजूबाजूच्या वस्त्यांवरच हिंडायचं होतं, म्हणून गावातच खोली हवी होती. आमची मुलगी लग्न होऊन गेल्यापासून माडीवरची खोली मोकळी होती. मी होकार दिला आणि त्याला आणायला फाट्यावर गेलो. केनिया आफ्रिकेत आहे हे मी शाळेत शिकलोय, नकाशात दाखवूही शकतो. पण परदेशी पाहुणा म्हणजे गोरा, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की पुण्याच्या गाडीतून एक लालबुंद उंच माणूस पाठीवर पिशवी घेऊन उतरला, तसा मी धावलोच. त्याच्या खांद्यावर शाल टाकली. टोपी घातली, ती त्याच्या डोक्याला लहान पडली तरी दाबून बसवली. हातात नारळ दिला. हॉटेलातल्या चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं वाकून नमस्कार केला, माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढला, आणि समोर नाशिकची गाडी लागली तसा शाल-टोपी-नारळासकट तिच्यात चढून निघून गेला.

मी त्या गाडीकडे बघत उभा. मागून कुणीतरी इंग्रजीत विचारलं, "सर, तुम्ही खोडदहून आलात का?"

हॉटेलच्या बाकड्यावर एक काळासावळा, हसऱ्या चेहऱ्याचा पोरगेला तरुण दोन बॅगा घेऊन चहा पीत बसला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता.

"मला वाटलं, इथे उतरणाऱ्या प्रत्येकालाच देतात," तो म्हणाला. "माझा नंबर कधी येतो ते बघत होतो."

घरी येईपर्यंत मी चार वेळा माफी मागितली आणि तो आठ वेळा हसला. मात्र या चुकीची भरपाई करायचीच, असं मी मनाशी ठरवलं. आणि मी एखादी गोष्ट मनाशी ठरवली की घरातल्यांना घाम फुटतो.

मी पतसंस्थेत कारकून आहे आणि सकाळ-संध्याकाळ शेतकरी. दोन्हीकडचे लोक मला दुसरीकडचा समजतात. पण पाहुणचारात मी कुणाला ऐकत नाही. वस्तीवरच्या सगळ्या घरांना सांगून ठेवलं, परमुलखातलं लेकरू आहे, काही कमी पडता कामा नये. मग काय विचारता! तो जिथं जाईल तिथं आधी हाक उठायची, "अरे, पावण्याला खुर्ची आणा!" आमची पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची त्याच्या मागं मागं हिंडायला लागली. बाकीचे ओट्यावर, बांधावर, उकिडवे बसलेले आणि मधोमध हा, खुर्चीत, एखाद्या उद्घाटनाला आल्यासारखा. जेवून उठला आणि ताट उचलायला गेला की बायको ताट हिसकावून घ्यायची. दुधाचं कॅन उचलायला गेला की मी आडवा. गवताच्या भाऱ्याला हात लावला तर शेजारची वहिनी ओरडायची, "पावणं, राहू द्या वो! आमाला काय हात न्हाईत का?"

ही वहिनी म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको. तिचं रान आमच्या रानाला लागून, आणि तिचा आवाज अँटेनांपर्यंत.

तो रोज सकाळी गळ्यात रेडिओसारखा एक डबा अडकवून आणि हातात जाळीसारखी छोटी अँटेना घेऊन फिरायचा. आकाशातून येणारं अगदी बारीक काहीतरी त्या मोठ्या अँटेना ऐकतात आणि आपली यंत्रं त्यात गोंगाट घालतात, तर कुठून किती गोंगाट होतो ते त्याला शोधायचं होतं. हे मला तीनदा समजावल्यावर समजलं. डबा खरखरायचा, तो काहीतरी टिपून घ्यायचा, आणि दुपारी परत येऊन खुर्चीत बसायचा. दिवसेंदिवस त्याचं हसणं कमी व्हायला लागलं. मला वाटलं, जेवण मानवत नसेल. मी आग्रह वाढवला.

एक दिवस चहा पिताना तो म्हणाला, "सर, मी पुण्याला जायचं म्हणतोय. तिथे एका वसतिगृहात खोली मिळतेय. आठवड्यातून एकदा इथे येऊन काम करीन."

माझा चहा बशीतच राहिला. "आमचं काही चुकलं का?"

"नाही हो. तुम्ही सगळे फार चांगले आहात." त्यानं कप खाली ठेवला. "पण आमच्या गावी धडधाकट मुलगा नुसता बसून राहिला, तर लोक विचारतात, याला काय झालंय? संध्याकाळी आईचा फोन येतो. काय केलंस, म्हणते. मी सांगतो, बसलो. ती काळजी करते. आमच्याकडेही गाई आहेत, डोंगरावर शेती आहे. इथे सगळं ओळखीचं दिसतं आणि मला कशालाच हात लावता येत नाही. अशानं वर्ष निघणार नाही माझं."

एका आठवड्यात त्याला पुण्याच्या खोलीचं हो-नाही कळवायचं होतं. मी रात्रभर कूस बदलत राहिलो. त्याला काम सांगायचं? पाहुण्याला? वस्तीवर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच खुर्ची ओट्यावर चढवताना माझ्या कमरेत उसण भरली. शंभर किलोची पोती उचलणारी माणसं आमच्या घराण्यात होऊन गेली आणि मी प्लॅस्टिकच्या खुर्चीनं आडवा झालो. त्यातून त्या दिवशी वहिनीच्या रानात कांद्याची लागण. आमच्याकडे लागणीला सावड असते. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या रानात, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी नाही, पण ज्याच्या घरचं माणूस तुमच्याकडे राबलं, त्याच्याकडे तुमच्या घरचं माणूस गेलंच पाहिजे. वहिनी आमच्याकडे राबून गेली होती, तीही जोडीनं. म्हणजे आमची दोन माणसं जायलाच हवी होती.

बायकोनं कमरेला पदर खोचला, माझ्याकडे बघितलं, मग माडीकडे बघितलं. "त्याला नेते."

"अगं, पाहुण्याला सावडीला?"

"चाललाय ना तो पुण्याला? मग कसला पाहुणा! जायच्या आधी चार रोपं तर लावू दे."

मी अंथरुणावरून नको नको म्हणत होतो, तोवर तो पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून तिच्यापुढं दहा पावलं निघालासुद्धा.

दुपारी मला राहवेना. काठी टेकत बांधावर गेलो. वाफ्यात पाणी सोडलेलं, बायका ओळीनं वाकून चिखलात रोपं खोचत मागं मागं सरकत होत्या आणि तो मधेच, कोपरापर्यंत चिखल. त्यानं लावलेली रोपं बघून मला गलबलून आलं. एक इथं, एक तिथं.

"भाऊजी, बघा तुमच्या पावण्याचा कांदा!" वहिनी बांधाला ऐकू जाईल अशी ओरडली. "रुसल्यावाणी बसलेत एकमेकावर!" मग त्याच्याकडे वळून, "आरं, बोटभर अंतर! बोटभर! आन् तुझं बोट न्हाई, माजं बोट!"

तिनं त्याची लागण उपटून त्याच्या हातात दिली आणि पुन्हा लावायला लावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तो? तो इतक्या मोठ्यानं हसला की बांधावरचे बगळे उडाले. जेवायला सगळ्यांबरोबर बांधावर मांडी घालून बसला. भाकरी, पिठलं, फोडलेला कांदा. खुर्ची आणा म्हणायला मी तोंड उघडलं, पण बायकोनं नुसतं बघितलं, आणि मी घास घेतला.

दुसऱ्या दिवशी लागण पुढच्या घरी होती. त्या घरचं कुणी आमच्याकडे राबलं नव्हतं, म्हणून आमच्या घरचं कुणी जायचं नव्हतं, तरी तो आपला आपण गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. संध्याकाळी वहिनी आमच्या ओट्यावर आली, मागं चार-पाच बाया.

"भाऊजी, पैल्या दिवशीचं काम तुमच्या बदली धरलं. पर काल-आजचं त्याचं सोताचं व्हतं. आमी त्याची सावड फेडायची कशी?"

"अगं, त्याला कुठं रान आहे? तो पाहुणा..."

"पावण्याची सावड आस्ती का कुटं? सावडीला आला, म्हंजी त्यो वस्तीवरचा झाला. आमी कुनाची सावड बुडवत न्हाई. इचारा त्याला, काय काम हाय त्याचं?"

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. तो आधी हसला, मग त्यांचे चेहरे बघून गंभीर झाला. म्हणाला, त्याचं एकच काम अडलंय. वस्तीवर सतत काही ना काही चालूच असतं, त्यामुळे कुठला गोंगाट कुणाचा ते वेगळं काढता येत नाही. एक सकाळ सगळी यंत्रं बंद मिळाली असती, तर एक-एक चालू करून बघता आलं असतं.

"म्हंजी गप बसायचं?" वहिनी म्हणाली. "एवडंच? त्यापरीस लागण बरी की रं!"

पण ठरलं. रविवारी सकाळी मोटारी बंद, मिक्सर बंद, वेल्डिंग बंद, रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेला लावलेली झटका मशीनं बंद. मोबाईल बंद करून वहिनीच्या दळणाच्या पत्र्याच्या डब्यात. घरोघर जाऊन सगळं तपासायची जबाबदारी माझ्यावर, कारण कंबर धरलेल्या माणसाला दुसरं काय देणार? मी काठी टेकत प्रत्येक घरात गेलो, बटणं बघितली, दोन म्हाताऱ्यांच्या खिशातून लपवलेले फोन काढले. एकजण मोटरसायकल चालू न करता हातानं ढकलत डेअरीला गेला. चटणी पाट्यावर वाटली गेली. बाया ओट्यावर बसून हळू आवाजात बोलत होत्या, जणू त्याच्या गळ्यातल्या डब्याला त्यांचंही ऐकू जाणार होतं.

तो अँटेना फिरवत निघाला. सगळी वस्ती त्याच्या मागं. डबा शांत, शांत, आणि मग खर्रर्र. तो थांबला. डावीकडे वळला, आवाज वाढला. वस्ती वळली. आवाज वाढत वाढत आमच्या अंगणात आला, ओटा चढला, स्वयंपाकघर ओलांडून देवघरापुढं थांबला आणि डबा नुसता किंचाळायला लागला.

देवघराभोवती मी दिवाळीत स्वस्तातली रंगीत दिव्यांची माळ लावली होती. ती लुकलुकत होती. सगळ्यांची घरं तपासली, आमचंच राहिलं होतं.

"सापडला गं बाई!" वहिनी ओरडली. "आकाशातलं ऐकू न देणारा आपल्या घरातच हाय!"

हसून हसून दोन बाया ओट्यावरच बसल्या. तो डोळे पुसत पुसत माळेचं बटण बंद करायला गेला, आणि तसाच मागं वळून म्हणाला, "सर, पुण्याच्या खोलीला मी काल नाही म्हणून कळवलं. इथं फार गोंगाट आहे, वर्षभर तरी लागेल मला."

पुढच्या सोमवारपासून दुधाचं कॅन तो न्यायला लागला. संध्याकाळी आईचा फोन आला की माडीवरून त्याचा आवाज यायचा, बराच वेळ, काय काय सांगायचा कोण जाणे, मधे मधे 'कांदा' एवढं कळायचं.

मीही खूश होतो. त्या रविवारी सगळे पांगल्यावर पडल्या पडल्या बायकोला म्हटलं, "बघितलंस? शेवटी राहिलाच. मी जीव लावला म्हणून."

ती जेवणाची भांडी गोळा करत होती. माझं ताट तेवढं तिनं माझ्यापुढंच राहू दिलं आणि म्हणाली, "घरात दोन पाहुणे होते, त्यातला एक घरचा झाला. आता तुमचं बघते."