आमच्या घरची राखण

आमच्या वाडीत गुराखी असा कुणी नव्हता. भातं लावून झाली की कापणीपर्यंत वाडीतली सगळी गुरं एकत्र चरायला जात आणि रोज एकेका घरानं ती राखायची. संध्याकाळी गुरं परतली की त्या दिवशीचा राखणदार आपली काठी शेजारच्या बेड्याला, म्हणजे कुंपणाच्या वाटेवरच्या आडव्या बांबूंना, टेकवून जाई. काठी आली की उद्याची राखण तुमची. वेगळं सांगणं नाही.

आमच्या घरची राखण मीच करत असे. आमचे हे मुंबईला म्हशींच्या तबेल्यात कामाला, सासरे अंथरुणाला खिळलेले, मग दुसरं कोण जाणार? पण उगाच बिचारेपणाचा आव कशाला आणू, मला ते आवडायचं. सकाळी गुरं आधी वरच्या सड्यावर, उघड्या माळावर, न्यायची. तिथं कातळावरचं गवत आखूड आणि राठ. त्यानं पोटं निम्मी भरली आणि खालचं दव सुकलं, की मग पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठच्या कोवळ्या चाऱ्यावर सोडायची. उपाशी जनावर दवातल्या कोवळ्या पाल्यावर घातलं तर फुगतं, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिवाय पऱ्याकाठ सगळ्या पावसाळ्याला पुरवायचा असे, म्हणून आज हा तुकडा तर उद्या त्याच्या पुढचा. माझी राखण असली की गाई दुधाला बऱ्या, असं बायका म्हणत. मी वरवर "काहीतरीच तुमचं" म्हणे आणि दिवसभर मान ताठ ठेवून हिंडे.

गणपतीला हे बोटीनं आले आणि नेमकी काठी आमच्या बेड्याला लागली. मी भाकरी बांधायला घेतली तर म्हणाले, "मी घरात असताना बायको गुरांमागं जाणार? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "लोक काही म्हणत नाहीत. जायचं तर जा, पण आधी सड्यावर न्या."

झालं! "दुधातलं मला शिकवतेस? जन्म गेला माझा दुधात."

जन्म गेला होता खरा. पण तबेल्यातली म्हैस जागची हलत नाही, तिच्यापुढं चारा कापून येतो. हे मिसरूड फुटायच्या आधीच मुंबईला गेलेले, त्यांना सड्याची काय माहिती? त्यांनी गुरं सकाळीच सरळ पऱ्यावर घातली. हिरवं खातील, दूध देतील, एवढाच त्यांचा हिशेब.

दुपारी शेजारच्या काकीची गाय फुगून आडवी पडली. काकी विधवा, मूलबाळ नाही. त्या एका गाईचं दूध मांडवी बंदरावर रतिबाला घालून ती पोट भरी. आम्ही धावत गेलो. बांबूच्या नळ्यानं गोडंतेल पाजलं, पोट चोळलं, तोंडात आडवं लाकूड बांधलं. गाय उठली नाही. काकीनं तिच्या शिंगांवरून हात फिरवला आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "जाऊंदे रे बाबा. तू काय मुद्दाम केलास?" तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी निदान तिचे पाय धरले असते. आता मला तोंड कुठं लपवू असं झालं.

आमची दुभती गाय मी तिच्या दारात नेऊन बांधली. गाय गेली की लाजही जाईल असं वाटलं होतं, पण लाज घरातच राहिली. हे मात्र रजा संपायच्या आधीच बोटीत बसले.

फेरा घालून काठी पुन्हा आमच्या बाजूला आली. अलीकडच्या घरचा माणूस आमच्या बेड्यापाशी घुटमळला आणि काठी खांद्यावर टाकून पुढच्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी आमचे बैल मात्र ज्याची राखण त्यानं स्वतः बेडं काढून नेले आणि संध्याकाळी आणून सोडले. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. पुढच्या फेऱ्यालाही तेच. दुसऱ्यांकडून फुकट गुरं राखून घेणारं घर, अशी आमची गत झाली. मी विहिरीवर बायका यायच्या आधीच पाणी भरून येऊ लागले. शेवटी वाडीच्या गावकरांना, म्हणजे प्रमुखांना, विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हावंदे वैनी, तुमच्यात गडीमाणूस नाय."

अहो, गडीमाणूस आधी तरी कुठं होतं? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

पुढल्या वर्षी पावसाआधी घर शाकारायला हे आले. त्याच दिवसांत राखणीचा क्रम लावायला वाडी देवळात जमली. गावकर एकेक घर घेत आमच्यापाशी आले आणि पुढं सरकले. मी मागं बायकांत बसले होते, ती उठून उभी राहिले.

"आमचं घर राहिलं."

मग काकीच म्हणाली, "धरा की तिचा घर."

गावकर ओशाळले. "धरतो. पण वैनी, राखायला येनार कोन?"

हे पुढं पुरुषांत बसले होते. त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. वाडीला माझ्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती, आणि ती बोलल्याशिवाय काठी मिळणार नाही हे मला कळत होतं. भर देवळात, नवऱ्यासमोर.

"मीच," मी म्हटलं. "हे घरी असले तरी ह्यांना गुरांमागं पाठवणार नाही."

गावकरांनी मान हलवली आणि पुढचं घर घेतलं. हे उठले आणि वहाणा हातात घेऊनच बाहेर पडले. मी घरी आले तेव्हा ते छपरावर चढून पेंढा पसरत होते. जेवायला हाक मारली, तर उतरले नाहीत.

त्याबद्दल ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत. पण त्यानंतर पावसाच्या दिवसांत ते गावी आले नाहीत, गणपतीलासुद्धा नाही.