भिंतीवरचा थोरला

घरात त्याला सगळे धाकटा म्हणत. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी तो धाकटाच. थोरला ऐन तरुणपणी लढाईत मारला गेला. आता तो बाहेरच्या खोलीत भिंतीवर होता, गणवेशात. त्याच्याखाली बसून धाकटा लोकांचे मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करायचा.

"भाऊजींचं नाक बघा कसं तरतरीत," बायको गिऱ्हाइकांदेखत म्हणायची. "आणि ह्यांचं! एकाच आईची लेकरं, पटतं तरी का?"

"थोरल्याची सर कुठली याला," आई आतून दुजोरा द्यायची. सासू-सुनेचं एकमत होईल अशी घरात तेवढी एकच गोष्ट होती.

धाकटा खाली मान घालून स्क्रू पिळत राहायचा. भिंतीवरचं नाक त्याचंच होतं.

थोरल्याचा एकही फोटो घरात नव्हता. बातमी आली तशी आईनं अंथरूण धरलं. अन्नाला शिवेना. एकच घोशा, "मला त्याचं तोंड दाखवा." शेवटी वडिलांनी सतरा वर्षांच्या धाकट्याला फोटो स्टुडिओत नेलं. तिथल्या भाड्याच्या गणवेशाला पाठीमागून चिमटे लावून तो त्याच्या अंगावर बसवला. मिशी फोटोवाल्यानं नंतर ब्रशनं काढली. "फोटो तिकडूनच आलाय म्हणायचं," वडील म्हणाले, "आणि तोंड उघडलंस तर याद राख." आईनं फोटो छातीशी धरला आणि त्या दिवशी चार घास खाल्ले. पुढे वडील गेले. गुपित एकट्या धाकट्याच्या गळ्यात राहिलं.

आणि आज शाळेतल्या इतिहासाच्या बाई पुन्हा दारात होत्या. लढाईत गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांची माहिती त्या गोळा करत होत्या. शाळेच्या सभागृहात त्यांचे फोटो लागणार होते. भिंतीवरचा फोटो त्या मागेच टिपून घेऊन गेल्या होत्या. आज पिशवीतून त्यांनी दुसराच काढला.

"त्यांच्या पलटणीतले एक गृहस्थ सापडले. त्यांच्याकडे हा होता. पण काका, दोन्ही चेहरे जुळत नाहीत हो."

फोटोत तंबूपुढे काही पोरं उभी होती. बाईंनी बोट ठेवायच्या आधीच धाकट्याला तो दिसला. बाहेर आलेले कान. हसताना दिसणारा अर्धा दात. पाण्याच्या टाकीवरून उडी मारताना तुटला होता, आणि सोबत होता म्हणून आईनं धाकट्यालाही बदडलं होतं. हे तोंड तो स्वतःसुद्धा विसरून गेला होता.

"कुठला लावू?" बाईंनी विचारलं. "खोटा लावायचं माझ्या जिवावर येतं."

धाकटा उठला. आता लपवला तर आई लेकाचं तोंड न बघताच जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आई खाटेवर लसूण सोलत होती. मोतीबिंदू काढल्यापासून ती सुईत दोरा ओवायची.

"आई, हा बघ. हा हसतोय तो."

आईनं फोटो उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितला.

"कोण रे हा? दात बघ, काय अवतार!"

"नीट बघ ना. कान बघ."

"बघितलं की. थोरल्याच्या बरोबरचा असेल कुणी." तिनं फोटो परत दिला आणि लसणाची पाकळी उचलली. "मेलाच असेल बिचारा. आई आहे का रे त्याची?"

"आहे," धाकटा म्हणाला.

बाहेर येऊन त्यानं फोटो बाईंच्या हातात ठेवला. "हाच लावा. खाली नाव थोरल्याचं घाला."

"आणि भिंतीवरचा?"

"तो राहू दे. आईला तो लागतो."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं भिंतीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग परत भिंतीकडे. नाकाबद्दल ती त्यानंतर कधी बोलली नाही. आई मात्र बोलत राहिली.