खटका पडल्यावर

सुक्या खोबऱ्याचा तुकडा गॅसच्या ज्योतीवर धरला की आधी कडा काळ्या होतात, मग तेल सुटतं, आणि असा वास उठतो की जेवून उठलेल्या माणसालाही भूक लागावी; मग उंदराची काय कथा. डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी माझ्या मुलाचा, सुहासचा, इथल्या आखाती शहरातल्या डिस्कव्हरी गार्डन्समधला तळमजल्यावरचा फ्लॅट त्या वासाने भरून गेला. बाहेर हिरवळीवर पाण्याचे फवारे सुरू झाले होते, तापलेल्या वाळूवर आणून पसरलेल्या मातीचा ओला वास जाळीतून आत येत होता, आणि कित्येक वर्षांनी माझ्या हातापायांत वारं भरलं होतं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. या घरात माझ्या वाटणीला काम नाही. कपडे यंत्र धुतं, भांडी यंत्र धुतं, आणि मी खिडकीपाशी बसून खजुराच्या झाडांवरचं ऊन सरकताना बघते. उन्हालाही माझी गरज नसते. अशात एक उंदीर बागेतून आत आला, त्याने तुरीच्या डाळीची पिशवी फाडली, फ्रिजची वायर कुरतडली आणि नातीच्या, इराच्या, दप्तरात लेंड्या टाकल्या. सगळं घर हवालदिल झालं आणि मी पदर खोचला.

इमारतीच्या वॉचमनने गोंदाची पाटी आणून दिली होती. ती मी कचऱ्यात टाकली. तिच्यावर चिकटलेला जीव दिवसभर ओरडत मरतो आणि पाटी लावणारा मजेत कामावर गेलेला असतो. मारायचं तर आपण मारावं, आणि एका घावात मारावं. सुहासला हार्डवेअरच्या दुकानातून तारेचा पिंजरा आणायला लावला.

माझं माहेर राजापूरच्या बाजूचं. तिथे पिंजरा लावताना कोणी उंदराचं नाव घेत नसे. त्याला कळतं म्हणतात. ‘पाहुणे’ म्हणायचं, तेही हळू. हा नियम मी इथेही लावला. पाहुणे कुठून येतात, पाहुण्यांना काय आवडतं, अशी आमची कुजबुज चालू झाली. इराला इतकं हसू यायला लागलं की ती मोठ्याने इंग्रजीत बोलू लागली.

“इंग्रजीतही नको गं,” मी म्हटलं. “तो इथेच जन्मला. तुझ्याएवढं इंग्रजी त्यालाही येत असेल.”

“आई, मग अरबीही येत असेल,” सुहास म्हणाला.

“म्हणून तर म्हणते, तू गप्पच बस.”

मी खोबरं आकड्याला अडकवलं, तेव्हा इरा माझ्याजवळ उकिडवी बसली. तिचं हसू थांबलं होतं.

“आजी, विल इट हर्ट?”

“नाही. त्याला कळणारसुद्धा नाही.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

मी थापा मारत नव्हते. माझे वडील भाताच्या कणगीपाशी पिंजरा लावत, आणि त्यांचं काम मी लहानपणापासून पाहिलं होतं. उंदीर सापडला की आधी पिंजऱ्यावर गोणपाट टाकत, सगळ्यांकडे डोळे वटारून गप्प करत, मग पिंजऱ्याचं तोंड पोत्याच्या तोंडाला लावून दार उघडत. उंदीर अंधारात शिरला की पोतं गुंडाळत त्याला कोपऱ्यात आणायचं, वरून त्याचं डोकं चाचपायचं, घट्ट दाबून धरायचं, आणि एक घाव. सासरी हे काम माझ्याकडे आलं. नवरा त्या वेळी हमखास गावात निघून जाई.

रविवारी सकाळी बाहेर धुकं होतं. समोरच्या इमारती दुधात बुडाल्यासारख्या दिसत होत्या. मी चहाला आधण ठेवलं आणि ओट्याखाली खटका पडला. किती ठसठशीत आवाज तो! माझ्या छातीत ढोल वाजले.

आणि मग घरात एकच कल्ला उठला. आता गप्प राहायचं कारण उरलं नव्हतं. सुहास झोपेतून उठून “खलास! पकडला!” करत आला. सून मेधा पुण्याची, अंडंही न खाणारी. ती खुर्चीवर चढून किंचाळत होती आणि किंचाळताना हसत होती. सुहासने व्हिडिओ काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला, शेजारचे दोघे बघायला आले, पिंजरा हलवून गेले. मीही बडबडत होते, माझ्या जुन्या शिकारी सांगत होते. उंदीर जाळीला नाक लावून गोल गोल फिरत होता.

सुहास म्हणाला, “आई, मारायला कशाला? गाडीतून नेतो, लांब वाळूत सोडतो.”

“वाळूत तो काय खाईल? डाळ आणि वायर खाणारा जीव. तहानेने मरेल. तुला दिसणार नाही एवढंच.”

मग हत्यारावरून वाद झाला. हातोडीचं तोंड अरुंद, नेम चुकायचा. माझी नजर दारामागच्या क्रिकेटच्या बॅटवर गेली.

“आई, आज मॅच आहे त्या बॅटने!”

“मग सराव होईल. तूच मार.”

त्याचा चेहरा उतरला. जबल अलीच्या गोदामात माणसांवर हुकूम चालवणारा मुलगा माझा, पण बॅट मला देऊन बाजूला झाला.

मी गुंडाळलेल्या टॉवेलवर एक घाव मारून पाहिला. मागे बाथरूममध्ये पडून माझं उजवं मनगट मोडलं होतं. त्यात अजून सळई आहे. बॅट तिरकी पडली. पुन्हा मारली. पुन्हा तिरकी. अर्धा घाव हे सगळ्यांत वाईट. गोंदाच्या पाटीहून वाईट. आणि दारात इरा उभी होती.

मेधा खुर्चीवरून उतरली. तिने बांगड्या काढून ओट्यावर ठेवल्या.

“अहो आई, बॅट तिरकी पडतेय तुमची. तुम्ही धरा. मी मारते.”

“माझी बोटं आहेत तिथे.”

“दिसतायत मला.”

बाल्कनीच्या फरशीवर बासमतीच्या कापडी पिशवीत तो शिरला. मी पिशवी गुंडाळत आणली, डोकं सापडलं, दाबून धरलं. कापडाखाली त्याचं काळीज माझ्या तळव्यावर धावत होतं, धुक्यातून पिवळट ऊन फरशीवर उतरत होतं. मी “हं” म्हटलं. बॅट सपाट पडली. माझ्या बोटांना वारा लागला फक्त. तळव्याखालची धाव थांबली, दिवा मालवावा तशी. मेधा सुनेचं नातं विसरून “झालं का हो? झालं का?” असं माझा खांदा गदागदा हलवून विचारत होती, आणि तिला शाबासकी देताना मला इतका आनंद होत होता की मीच हसत सुटले.

इरा जवळ आली. “डिड इट हर्ट?”

“नाही. माझा हात होता त्याच्यावर. काहीच कळलं नाही त्याला.”

“नॉट दॅट,” ती म्हणाली. “बिफोर. व्हेन यू ऑल वेअर लाफिंग.”

सळई घातलेलं मनगट चोळत मी तिथेच बसून राहिले. चहाचं आधण आटून पातेलं करपल्याचा वास आला, म्हणजे बराच वेळ आम्ही तो गोंधळ घातला होता. वडील गोणपाट टाकत ते बायकापोरांना बघवत नाही म्हणून, आणि गप्प करत ते बाकीच्या उंदरांनी ऐकू नये म्हणून, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. ते दोन्ही कोणासाठी होतं हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

“तेव्हा दुखलं असेल,” मी इराला म्हटलं. ती मान हलवून आत गेली.

पिंजरा कढत पाण्याने धुतला, उन्हात वाळवला. एक उंदीर आला तिथे दुसरा येणारच, वाट त्यांना ठाऊक झालेली असते. दुपारी मी बॅगेतून माझं काळं जुनेर लुगडं काढलं, त्याचा मोठा तुकडा फाडला, घडी घातली आणि पिंजऱ्यावर ठेवून दिली. मेधाने कशाला म्हणून विचारलं. मी ओठांवर बोट ठेवलं.